पाव फेरा

गाडी सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली आणि जाताना अण्णांनाही घेऊन गेली.

असं काही घडलेलं नाही. वरचं वाक्य चुकून आधी आलं आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. त्या सकाळी गाडी सुरू होण्याची सुतराम शक्यता नव्हती आणि अण्णा कुठेही जाणार नव्हते. फाटकही टोचनवाल्याच्या ट्रकने असं अडवलं होतं की शेजारचं मांजर अंग चोरून आत-बाहेर करत होतं. बंद पडलेल्या गाड्या दोर लावून भंगारात ओढून नेणं हा टोचनवाल्याचा धंदा. तो ट्रकच्या पायरीवर बसून, मेलेल्या माणसाच्या घरी थांबावं तशा अदबीने वाट बघत होता.

घर रिकामं झालं होतं. आई जाऊन सात-आठ महिने झाले होते आणि संध्याकाळी किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची होती. सामान आदल्या दिवशीच दादाच्या फ्लॅटवर गेलं होतं. उरली होती गॅरेजमधली गाडी, गाडीसमोरची वेताची खुर्ची आणि खुर्चीवरचे अण्णा.

अण्णा पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी खातं सोडलं, पण खात्याच्या भाषेने काही त्यांना सोडलं नाही. चहा हवा असला की ते "चहा मिळणेबाबत" एवढंच म्हणत आणि कप हातात आला की "पोच दिली" म्हणत. घर सोडायचं ठरलं तेव्हाही त्यांनी आदळआपट केली नाही. फक्त जाहीर केलं, "गाडी जिथे मुक्कामास राहील, तिथेच सदर इसम राहील. यात बदल मंजूर होणार नाही."

सदर इसम म्हणजे ते स्वतः.

डॉक्टरीण गॅरेजमध्ये शिरली तेव्हा दादा गाडीभोवती फेऱ्या मारत होता. दादा विम्याचा सर्व्हेयर. ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान किती ते सांगणं हे त्याचं काम, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे तो ती आधीच आदळलेली आहे अशा नजरेने बघत असे. लग्नाच्या वेळी वहिनीकडेही त्याने तसंच बघितलं होतं, असं वहिनी म्हणते.

"टोटल लॉस," दादा म्हणाला.

"दादा, अजून बॉनेट उघडलेलं नाही."

"उघडून कुणीही सांगेल."

डॉक्टरिणीने हातातली पेटी खाली ठेवली. ती दातांची डॉक्टर. तिघा भावंडांत मधली, एकटी, खाली दवाखाना आणि वर दोन खोल्या. दवाखान्याशेजारी पत्र्याची शेड होती आणि तिथे एक गाडी आरामात उभी राहिली असती. दादाच्या इमारतीत स्कूटरसुद्धा आडवी लावायला सोय नव्हती.

"म्हणजे तू अण्णांना पळवायला आलीस," दादा म्हणाला.

"मी गाडी बघायला आले."

"एकच झालं ते. मी बाथरूममध्ये हँडल बसवून घेतलंय, माहितीये? अण्णांना धरायला. टाइल फोडून."

हे तिला माहीत नव्हतं. दादाला अण्णा खरंच हवे होते, इथेच सगळी पंचाईत होती. नको असते तर भांडण फार सोपं झालं असतं.

"गाडी भंगारात गेली की ती कुठेच मुक्कामाला नाही," दादाने आपला मुद्दा मांडला. "मग अण्णांची अट आपोआप रद्द. मग ते माझ्याकडे."

"आणि भंगारवाल्याकडे मुक्कामाला गेली असं धरलं तर?" गॅरेजच्या दारातून धाकटा म्हणाला. "अण्णा तिकडे जाऊन बसले तर?"

दादाने याचा विचार केला नव्हता. त्याने खुर्चीकडे बघितलं. अण्णा हा पर्याय तपासून बघत असल्यासारखे दिसले.

धाकट्याला सगळे पिकप म्हणत. लहानपणापासून कुठल्याही गाडीबद्दल तो एकच प्रश्न विचारायचा, पिकप कसा आहे? स्वतः त्याने आयुष्यात अजून घेतला नव्हता. ही गाडी मात्र त्याला शाळेत असल्यापासून हवी होती.

"ऐका," डॉक्टरीण म्हणाली. "किल्ली द्यायच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली, तर माझ्याकडे. नाही गेली, तर टोचन. मग अण्णा तुझ्याकडे आणि मी एक शब्द बोलणार नाही."

"मंजूर," दादा म्हणाला.

"सदर इसमाला विचारावं अशी प्रथा आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्हाला मंजूर?"

"विचाराधीन आहे."

डॉक्टरिणीने बॉनेट उघडलं. अण्णांनी दोन्ही मुलांना इंजिन शिकवायचा कसून प्रयत्न केला होता. हिला त्यांनी काहीच शिकवलं नाही, ही नुसती टॉर्च धरून शेजारी उभी असायची. त्यामुळे तिघांत हिलाच येत होतं.

आज टॉर्च पिकपकडे होता.

तिने पेट्रोलची नळी काढली, चोकची तार सोडवली, दोन नट खोलले आणि कार्बुरेटर उचलून हातात घेतला. मुठीपेक्षा थोडा मोठा, काळवंडलेला, तेलकट. हवा आणि पेट्रोल किती प्रमाणात मिसळायचं हे गाडीत तिथे ठरतं. बाकी सगळं इंजिन म्हणजे त्या निर्णयाची अंमलबजावणी.

आता तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. घरात टेबल उरलं नव्हतं. शेवटी तिने दवाखान्यातला स्टीलचा ट्रे अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि त्यात कार्बुरेटर. अण्णांनी टेबल होण्यास हरकत घेतली नाही. फक्त पाय जुळवून घेतले.

"आ करा," ती सवयीने म्हणाली आणि चोकची झडप बोटाने उघडली. आत काजळी. झाकणाचे स्क्रू काढून तिने पेट्रोल साठायची फ्लोटची वाटी बघितली. जुन्या पेट्रोलचा पिवळा चिकट थर तळाशी बसला होता.

"किडलाय?" पिकपने विचारलं.

"किडलेला नाही. नुसता मळ आहे. घासून निघेल." तिने दोन पितळी जेट काढून उजेडात धरले. छोट्या खिळ्याएवढी वस्तू, मधोमध पेट्रोल जायला केसाएवढं भोक. एक भोक बुजलेलं होतं.

"तार घाल," पिकप म्हणाला.

"टाचणीने दात कोरणारे माझ्याकडे रोज येतात, त्यांच्यासारखं बोलू नकोस. तार घातली की भोक मोठं होतं. मग कायमचं जास्त पेट्रोल." तिने पेटीतून दोन दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश काढला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि जेटमधून हळूच आरपार नेला. "दुखलं तर हात वर करा."

अण्णांनी हात वर केला.

"काय झालं?"

"पाय अवघडला. कार्यवाही चालू ठेवावी."

ती हसली नाही, पण तिला बरं वाटलं. दिवसभर ती तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी बोलायची. सगळे "आं" म्हणायचे. संध्याकाळी वर गेल्यावर "आं" म्हणणारंही कुणी नसायचं. उलट उत्तर देणारा एक माणूस घरात असावा, एवढीच तिची मागणी होती, आणि ती तिने अजून कुणाला सांगितली नव्हती.

गॅरेजच्या कोपऱ्यात दादाने पिकपला बाजूला घेतलं होतं. दादाची कुजबुज टोचनवाल्यापर्यंत ऐकू जात असे.

"तू तिला मदत का करतोयस?"

"गाडी वाचली तर बरंच आहे ना. ताईला कुठे चालवायला वेळ आहे? महिन्याभरात माझ्याकडे येईल."

"येईल. अण्णांसकट."

"अं?"

"गाडी जिथे, अण्णा तिथे. तुझ्या एका खोलीत. सकाळी उठल्यापासून 'पिकपने आंघोळ न केलेबाबत'."

यानंतर टॉर्चचा प्रकाश इकडे तिकडे भटकू लागला. तो छतावर गेला, अण्णांच्या चष्म्यावर गेला, बराच वेळ एका कोळ्याच्या जाळ्यावर थांबला.

"पिकप, प्रकाश कार्बुरेटरवर."

"हो हो, ताई. हात दुखतोय."

"कुणी काय सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दादाने."

तिने टॉर्च त्याच्या हातातून काढून घेतला आणि अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो अचूक धरला.

मग तिला तो स्क्रू दिसला.

कार्बुरेटरच्या अंगाला एक छोटा पितळी स्क्रू असतो, मागे बारीक स्प्रिंग. उजवीकडे आवळला की पेट्रोल कमी, डावीकडे सोडला की जास्त. कमी झालं की गाडी मान टाकते, जास्त झालं की काळा धूर ओकते. तो तळापासून दीडेक फेरा सुटा असावा लागतो. हा शेवटच्या आट्यावर लोंबकळत होता, स्प्रिंगचाही ताण संपलेला. तिने बोट लावलं तर तो ट्रेमध्ये पडला. टिण्ण असा आवाज झाला.

"हा कुणी पिळलाय?"

टोचनवाल्याने चहाचा घोट घेतला.

"म्हणूनच चालू होत नाही ही. नुसतं पेट्रोल ओतलं जातंय. प्लग काजळून गेले असणार. कुणी केलं हे?"

"मी अर्धाच फेरा सोडला होता," पिकप म्हणाला. "पण आई असताना. पिकप येत नव्हता."

"तो मी आवळला," दादा म्हणाला. "ॲव्हरेज मिळत नव्हतं."

"कधी आवळलास?"

"तू फाटकाबाहेर पडलास की. दर वेळी."

"आणि मी विचार करायचो, गेल्या खेपेला तर नीट केली होती!"

"मी आले की मधोमध आणून ठेवायचे," डॉक्टरीण म्हणाली. हे सांगताना तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. "मला वाटायचं, माझ्याशिवाय कुणाला कळत नाही."

पिकपचं डावं, दादाचं उजवं, तिचं मधलं. बेरीज शून्य येत होती. इतकी वर्षं ही गाडी तीन भावंडांच्या एकमेकांवरच्या अविश्वासावर व्यवस्थित चालली होती. पण आई गेल्यानंतर तिघांपैकी कुणीही बॉनेट उघडलं नव्हतं. कुणी या घरी धड एक रविवार थांबलंही नव्हतं. हे कुणी बोललं नाही. दादाने गाडीच्या टायरला उगाच लाथ मारली.

"मग हा इतका बाहेर आला कसा?" डॉक्टरिणीने विचारलं.

"आईंचं धरलं नाहीत तुम्ही," वहिनी म्हणाली.

ती स्वयंपाकघरातलं शेवटचं खोकं घेऊन दारात उभी होती. सकाळपर्यंत ती दादाच्या बाजूला होती. बाथरूमचं हँडलही तिनेच निवडलं होतं.

"तू यात पडू नकोस," दादा म्हणाला.

"मी कधीची पडलेय. लग्न होऊन आले तेव्हापासून." तिने खोकं जमिनीवर ठेवलं, त्यात हात घातला आणि भाजी चिरायची जुनी सुरी काढली. सुरीचं टोक वळलेलं होतं, बोथट, चपटं. "काल भरताना तुम्हीच म्हणालात ना, ही टाकून दे, टोक गेलंय. ते भाजीने गेलेलं नाही."

तिने ट्रेमधला स्क्रू उचलला आणि सुरीचं टोक त्याच्या खाचेत टेकवलं. चपखल बसलं.

"आई?" पिकप म्हणाला. "आईला कार्बुरेटर म्हणजे काय ते तरी माहीत होतं का?"

"नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की अण्णा रविवारी सकाळी गाडी चालू करतात आणि धुण्याची दोरी बरोबर धुराच्या नळीमागे आहे. सगळ्या चादरींना वास यायचा. बोलून बघितलं म्हणे, पहिली दोन वर्षं. मग एकदा चिडून दिसेल तो स्क्रू पिळला. नेमका हा निघाला. धूर कमी झाला. तेव्हापासून दर शनिवारी, दोरीवरचे कपडे काढून झाले की पाव फेरा. उजवीकडे. मला राखणीला उभं करायच्या, अण्णा येतायत का बघायला."

"अण्णांना माहीत नव्हतं?"

आता सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं. अण्णांनी टॉर्च विझवला. मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा लावला.

"शनिवारी दुपारी मी खाच उभी ठेवून जात असे," ते म्हणाले. "रविवारी ती आडवी सापडत असे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"पाव फेरा डावीकडे. पूर्ववत."

"आणि आईला बोलला नाहीत? इतक्या वर्षांत?"

"काय बोलायचं? तिचं म्हणणं तिने मांडलेलं होतं. माझं मी मांडत होतो. पत्रव्यवहार चालू होता."

डॉक्टरिणीने ट्रेमधल्या कार्बुरेटरकडे बघितलं. त्या रिकाम्या भोकाकडे.

"आणि आता, अण्णा? आई गेल्यावर?"

"आता जशी सोडतो तशीच सापडते."

"मग तुम्ही तरी का फिरवत राहिलात? डावीकडेच, दर वेळी? तुम्हाला कळतं ना, आवाज बिघडतोय, धूर येतोय..."

"कळतं."

"मग?"

"रविवार होता," अण्णा म्हणाले.

दादाने खिशातून रुमाल काढून गाडीचा आरसा पुसायला घेतला. आरसा स्वच्छ होता. पिकप बाहेर गेला आणि थोड्या वेळाने टोचनवाल्याच्या ट्रकच्या बॅटरीला लावायच्या जाड वायरी ओढत परत आला.

"करंट लागेल," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "आपल्या बॅटरीत दम नसणार."

"आणि तुझ्याकडे अण्णा आले तर?" दादाने विचारलं.

"येऊ दे. आंघोळ करीन."

पुढचं काम भराभर झालं. प्लग वहिनीने भांडी घासायच्या तारेने घासले. आतलं काही तिला कळत नव्हतं, पण काळं झालेलं पांढरं करणं तिच्या हातातलं होतं. वाटी, जेट, झाकण जागच्या जागी गेलं. स्प्रिंग डॉक्टरिणीने चिमट्याने ताणून घेतली. स्क्रू अलगद तळाला लागेपर्यंत आवळला आणि तिथून दीड फेरा सोडला. स्क्रूड्रायव्हर सामानाबरोबर फ्लॅटवर गेला होता, म्हणून हे सगळं तिने त्या सुरीने केलं.

पिकपने चावी फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. ते घरघरलं, मागून धुराचा एक काळा लोळ निघाला, मग गाडी थरथरत का होईना, चालू राहिली. फाटकाशी टोचनवाला उठून उभा राहिला. धंद्यात त्याने असा प्रकार बघितला नव्हता.

डॉक्टरीण सुरी खाचेत धरून वाकली. उजवीकडे केसभर. आवाज चढला. अजून केसभर. गुदमरला. परत थोडं डावीकडे.

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "मागे घे. किंचित. आता थांब."

थरथर संपली. इंजिन एका लयीत बसलं, इतकं शांत की पंख्याचं पातं वेगळं ऐकू यावं. डॉक्टरिणीने टॉर्च घेऊन खाच बघितली. ती उभीही नव्हती आणि आडवीही नव्हती. बरोबर मधोमध, तिरकी होती.

"इथे तर तुमच्यापैकी कुणीच कधी ठेवली नसेल," ती म्हणाली.

"शनिवार-रविवारच्या मधे कुठेतरी असायची," वहिनी म्हणाली.

दादाने टोचनवाल्याला ट्रक मागे घ्यायला सांगितलं. टोचनवाल्याने विचारलं, मग मला कशाला बोलावलं? दादा म्हणाला, करंट द्यायला. वेताची खुर्ची पिकपने टपावर बांधली. अण्णा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर रिकामा ट्रे तसाच. ट्रे घेऊ का विचारलं तर म्हणाले, आदेश होईपर्यंत राहू द्या.

दादा खिडकीशी आला. काचेवर हात ठेवून उभा राहिला.

"ते हँडल," तो डॉक्टरिणीला म्हणाला, "उद्या काढून आणतो. तुझ्याकडे ड्रिल नसेल."

"नाहीये."

"दवाखान्यात एवढी ड्रिलं असतात."

"ती भिंतीला चालत नाहीत, दादा."

"मग मी येतो. बसवायला वेळ लागेल. रविवारी येतो."

"ये."

गाडी फाटकाबाहेर पडली. ज्या वाक्याकडे दुर्लक्ष करावं असं सुरुवातीला सांगितलं होतं, त्याच्याकडे अजूनही दुर्लक्ष करावं, कारण दादा आजही हेच सांगतो की गाडी टोटल लॉस होती आणि अण्णा थोड्या दिवसांसाठी हवापालटाला गेलेत.

वळणावर डॉक्टरिणीने गिअर बदलला. गाडीने तक्रार केली नाही. सुरी तिने समोरच्या कप्प्यात ठेवली होती, ती खडखडत होती.

"अण्णा, माझ्याकडे धुण्याची दोरी शेडच्या मागेच आहे," ती म्हणाली. "चादरींना वास येणार."

"येणार."

"मग शनिवारी पाव फेरा मी आवळत जाईन. तुम्ही रविवारी सोडत जा. चालेल?"

अण्णांनी मांडीवरचा ट्रे सरळ केला, घसा खाकरला.

"लिहून घे."

"अण्णा, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत."

"मग नोंद घे. प्रति, माननीय संबंधित अधिकारी. विषय, स्क्रू उजवीकडे फिरवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर स्क्रू दर शनिवारी पाव फेरा उजवीकडे फिरवण्याचे काम ज्या व्यक्तीकडे होते, तिची जागा गेले काही महिने रिक्त आहे. कन्येने पर्यायी व्यवस्था देऊ केली आहे, ती साभार नाकारण्यात येत आहे. सदर काम अन्य कोणास जमण्यासारखे नाही. तरी सदर जागी पूर्वीच्याच व्यक्तीची, पूर्वीच्याच सुरीसह, येत्या शनिवारच्या आत फेरनियुक्ती करण्यात यावी, ही नम्र विनंती."